लाजेची किंमत मूत्रपिंडाने का चुकवावी?

(बावधन, ता. मुळशी येथे बांधकाम कामगार, घरकामगार भगिनी, वाहनचालक आणि पक्षाचे कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)



आजच्या सभेच्या फलकावर 'आरोग्यविषयक व्याख्यान' एवढेच शब्द आहेत. विषयाचे पुरते नाव लिहिण्याचा संकोच कार्यकर्त्यांना वाटला, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु मला बोलायचे आहे ते नेमके त्या संकोचाविषयीच. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांना आपल्याकडे गुप्तरोग म्हणतात. रोगाला गुप्त म्हटले की रोगी गुप्त होतो, तपासणी गुप्त होते आणि उपचार करणाराही गुप्त होतो. सगळे काही गुप्त राहिले तरी रोग मात्र आपले काम करीतच राहतो. त्याच्या या कामाचा एक पल्ला थेट मूत्रपिंडापर्यंत जातो. ही गोष्ट शिकलेल्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते. म्हणून आज तिच्याविषयी उघडपणे बोलू.

प्रथम मूत्रपिंड म्हणजे काय ते पाहू. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला बहुतेक पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर टाकली जाते. हा कारखाना रात्रंदिवस, सुटीविना चालतो. त्याचा स्वभाव सोशिक आहे. निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी होईपर्यंत तो बहुधा तक्रार करीत नाही, आणि करतो तेव्हा पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते. आपल्या कामगाराच्या स्वभावाशी याचे साम्य तुमच्या लक्षात आले असेल.

गुप्तरोग मूत्रपिंडापर्यंत चार वाटांनी पोहोचतो. त्या वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट अडथळ्याची. ज्याला आपण परमा म्हणतो, त्यात पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येतो आणि लघवीला आग होते. काही दिवसांनी त्रास कमी झाला की माणूस समजतो, बरे झाले. परंतु उपचार झाला नसेल तर मूत्रमार्गाच्या आत व्रण धरतो आणि काही वर्षांनी तो मार्ग अरुंद होतो. चांदणी चौकात वाहने तुंबली की रांग कशी मागे मागे सरकत जाते, हे बावधनकरांना सांगायला नको. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तेथला जुना पूल स्फोटकांनी पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, तो या तुंबण्यापायीच. शरीरातही तसेच घडते. धार बारीक होते, जोर करावा लागतो, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, त्यात जंतू वाढतात, दाब मूत्रवाहिन्यांतून मागे जातो आणि अखेर मूत्रपिंडे फुगून निकामी होऊ लागतात. विशीतल्या दुखण्याची शिक्षा चाळिशी-पन्नाशीत भोगावी लागते. तोपर्यंत त्या दुखण्याचा आणि या शिक्षेचा संबंध रोग्याच्या ध्यानातही राहिलेला नसतो.

दुसरी वाट रक्ताची. उपदंश, म्हणजे ज्याला गरमी म्हणत, त्याचे जंतू रक्तात फिरतात. त्यांच्याशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, त्यांच्या गुठळ्या मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात. मग गाळण्यांना जणू भोके पडतात, रक्तातली प्रथिने लघवीतून वाहून जातात, लघवीला फेस येतो आणि तोंडावर, पायांवर सूज चढते. आईकडून गर्भात उपदंश झालेल्या बाळालाही ही सूज येऊ शकते. कावीळ ब चा विषाणू शरीरसंबंधातून, रक्तातून आणि आईकडून बाळाला लागतो. तोही याच रीतीने गाळण्या बिघडवू शकतो. एचआयव्हीचा विषाणू तर गाळण्यांच्या पेशींवर थेट घाव घालू शकतो. पण यातली दिलाशाची बाजूही ध्यानात ठेवा. उपदंशामुळे बिघडलेली मूत्रपिंडे पेनिसिलिनच्या उपचाराने पुष्कळदा पूर्ववत होतात. मूत्रपिंडाच्या विकारांत असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. हे भाग्य लाजेपायी दवडणे यासारखी दुसरी दुर्दैवाची गोष्ट नाही.

तिसरी वाट स्त्रियांची आहे, आणि आपल्या देशात तिच्यावरून सर्वाधिक बळी जातात. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही नावाच्या विषाणूचे काही प्रकार वर्षानुवर्षे शरीरात टिकून राहिले तर गर्भाशयाच्या मुखाला कर्करोग होतो. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक स्त्रिया त्याने दगावतात. गर्भाशयाच्या मुखाच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंनी, मूत्रवाहिन्या जातात. गाठ वाढली की ती या नळ्यांना आवळते, लघवी मूत्रपिंडातच कोंडते आणि रक्तात विषारी द्रव्ये साचतात. या कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या कित्येक स्त्रियांचा मृत्यू प्रत्यक्षात मूत्रपिंडे बंद पडल्याने होतो. दाखल्यावर कर्करोग लिहिला जातो, त्यामागचा संसर्ग कोणी लिहीत नाही, आणि तो संसर्ग तिला कोठून आला हा प्रश्न तर कोणी विचारीतही नाही.

चौथी वाट उपचाराचीच आहे. पेनिसिलिन येण्यापूर्वी शेकडो वर्षे गरमीवर पारा देत असत. पारा हे मूत्रपिंडाचे विष आहे, म्हणजे रोगाने वाचवलेली मूत्रपिंडे औषधाने जात. ही जुनी गोष्ट झाली असे समजू नका. दक्षिण भारतातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत दाखवून दिले आहे की पारायुक्त पारंपरिक औषधे घेणाऱ्या रोग्यांत मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार आढळतो. रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज' अशा जाहिराती तुम्ही सर्वांनी वाचल्या असतील. त्या पुडीत काय आहे, हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही. ओटीपोटात दुखते म्हणून महिनोन्महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या भगिनींचीही गत तीच. याच वाटेवर आणखी एक सावधगिरी आहे. एचआयव्हीवरच्या प्रचलित उपचारात टेनोफोविर हे चांगले औषध असते, पण काही रोग्यांत ते मूत्रपिंडाला त्रास देते. म्हणून ते आपल्या मनाने कधीही बंद करू नये. ठरलेल्या मुदतीने रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी मात्र मागून घ्यावी. ती मागणे हा रोग्याचा हक्क आहे.

या चारही वाटा ऐकल्यावर एक प्रश्न उभा राहतो. यांतली कोणती वाट मुळात अडवता येत नाही? परमा झालेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात एकाच वेळी घ्यावयाच्या गोळ्यांचा संच फुकट मिळतो. सुरुवातीच्या अवस्थेतील उपदंशाला २४ लाख युनिट बेन्झाथीन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. कावीळ ब वर लस आहे आणि एचपीव्हीवरही आहे. निरोध तर आहेच. इतके असूनही या रोगांनी मूत्रपिंडे निकामी होत असतील, तर त्याचे कारण जंतूंत कमी आणि समाजव्यवस्थेत अधिक शोधावे लागेल.

त्या व्यवस्थेचे दर्शन घडवायला बावधनसारखे गाव दुसरे नाही. एकीकडे डोंगर, एकीकडे महामार्ग, मधून रामनदी आणि चहूकडे उंच इमारती. २०२१ साली ज्या २३ गावांना पुणे महापालिकेच्या हद्दीत घेतले त्यांत बावधन बुद्रुकही आले. या इमारती बांधणारा कामगार मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-छत्तीसगडातून येतो, पत्र्याच्या खोलीत राहतो आणि इमारत पुरी झाली की पुढच्या जागी जातो. महामार्गावरचा चालक महिन्यातले कितीतरी दिवस घराबाहेर असतो. बायको गावी, नवरा येथे, ही विभागणी त्या दोघांनी हौसेने केलेली नाही. ज्या अर्थव्यवस्थेला कामगाराचे दोन हात हवे असतात आणि त्याचे कुटुंब नको असते, ती ही विभागणी करते. मग त्या एकाकीपणातून रोग निर्माण झाला की त्याच कामगाराला नीतीचे धडे दिले जातात. बंगल्यात राहणाऱ्यालाही हे रोग होतात. पण त्याचा रोग खाजगी दवाखान्यात बिनबोभाट बरा होतो. गरिबाचा रोग मात्र त्याच्या चारित्र्याचा पुरावा ठरतो.

स्त्रीचा तर दोष नसतानाही तिला दोषी ठरवले जाते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक स्वरूपाचा एखादा तरी विकार होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे सगळे विकार संसर्गाचेच होते असे नव्हे. पण हा आकडा जगाला हादरवणारा होता, कारण या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या रोगी नव्हत्या, गावात घरोघरी राबणाऱ्या होत्या. अंगावर पांढरे जाणे, कंबर दुखणे, उन्हाळी लागणे हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत करून घेऊन त्या जगत होत्या. लग्नापलीकडे ज्या स्त्रीचा कोणाशी संबंध आलेला नाही तिलाही हे रोग होतात, ते नवऱ्याकडून. म्हणूनच एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला औषध देणे व्यर्थ असते. दोघांचा उपचार एकाच वेळी व्हावा लागतो.

वेश्याव्यवसायातल्या भगिनींना रोगाचे उगमस्थान ठरवण्याची एक जुनी खोड समाजाला आहे. सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेच्या प्रेरणेने याच भगिनींनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली आणि निरोधाचा प्रचार, वाटप व रोग्यांची सेवा आपल्या हाती घेतली. ज्यांना समाज रोगाचे कारण म्हणत होता त्याच रोगाला बांध घालणाऱ्या ठरल्या. संघटना झाली की माणूस दयेचा विषय राहत नाही, हे सूत्र आपण कारखान्यात शिकलो. ते येथेही खरे ठरले.

महाराष्ट्राला या विषयावर उघड बोलण्याची परंपरा नाही असेही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. गुप्तरोगांविषयी त्यांनी स्पष्ट आणि शास्त्रीय भाषेत लिहिले. त्याबद्दल त्यांच्या वाट्याला खटले, दंड आणि उपहास आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते, हे विसरता येणार नाही. कर्व्यांना आज आपण थोर म्हणतो, परंतु त्यांनी जे सांगितले ते आपल्या मुलाला, मुलीला, शेजाऱ्याला सांगण्याचे धैर्य आपल्याला अजून झालेले नाही.

आता औषधाच्या राजकारणाकडे येतो. ज्या पेनिसिलिनबद्दल मी बोललो ते या देशात सरकारी क्षेत्रात प्रथम तयार झाले ते आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी येथे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. जीवरक्षक औषध नफ्यावर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे परदेशातून आलेल्या स्वस्त कच्च्या मालापुढे देशातले पेनिसिलिनचे कारखाने एकामागून एक थंडावले, आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीच्या कारखान्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा आणि नंतर कारखान्याच्याच विक्रीचा निर्णय घेतला. याच सुमारास जगभर बेन्झाथीन पेनिसिलिनचा तुटवडा जाणवत होता, कारण स्वस्त आणि जुन्या औषधात कंपन्यांना लाभ दिसत नव्हता. अखेर २०२० साली पेनिसिलिनचा कच्चा माल देशात पुन्हा तयार व्हावा म्हणून सरकारलाच खाजगी कंपन्यांना उत्तेजनाची रक्कम देण्याची योजना आखावी लागली. जे आपल्या घरात होते ते मोडकळीस येऊ द्यायचे आणि मग तेच बाहेरून पैसे देऊन आणायचे, याला अर्थशास्त्र म्हणतात की दिवाळखोरी, याचा निर्णय तुम्हीच करा.

प्रतिबंध स्वस्त असतो याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकदाच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच आकाराच्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात तर यंत्रही लागले नाही. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने तपासणी केली आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही अभ्यासांत तपासणीविना ठेवलेल्या गटातील स्त्रियांविषयी नैतिक प्रश्न उपस्थित झाले, आणि ते योग्यच होते. ज्या गरीब स्त्रियांच्या मृत्यूंच्या तुलनेतून हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत तरी ते पोहोचवणे हे शासनाचे ऋण आहे.

एचपीव्हीवरची भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२३ च्या जानेवारीत ती जाहीर झाली. २०२४ च्या फेब्रुवारीतील अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास 'प्रोत्साहन' देण्याचा उल्लेख आला. मित्रहो, प्रोत्साहन हा शब्द फसवा आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला प्रोत्साहन पुरते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला प्रत्यक्ष लस हवी असते, आणि ती तिची कामाची जागा बदलली तरी तिच्यामागून गेली पाहिजे.

याउलट मूत्रपिंड निकामी झाल्यावर काय घडते? आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला, हे मान्य. परंतु रोजंदारीवरच्या माणसाचे आठवड्यातले तीन दिवस गेले की रोजगार गेला, रोजगार गेला की खोली गेली, आणि मग मोफत उपचारापर्यंत पोहोचण्याचे बसभाडेही त्याला जड होते. एका इंजेक्शनाच्या जागी आयुष्यभराचे यंत्र, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा आपण काय करायचे? माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली, बांधकाम मजुरांच्या प्रत्येक वस्तीत वर्षातून दोनदा तरी आरोग्यतपासणी व्हावी आणि तीत रक्तदाब, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन आणि संमतीने उपदंश, कावीळ ब व एचआयव्हीची तपासणी असावी. बांधकामांवर कामगार कल्याणासाठी उपकर बसवण्याचा कायदा १९९६ सालचा आहे. तो पैसा कामगाराच्या घामाचा आहे आणि त्याच्या प्रकृतीसाठी खर्च झाला पाहिजे.

दुसरी, सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' येथे गुप्तरोगांची तपासणी व उपचार मोफत मिळतात, हे प्रत्येक वस्तीत मराठीत आणि हिंदीत फलक लावून सांगावे, आणि ही केंद्रे कामगाराची सुटी होते त्या संध्याकाळच्या वेळीही उघडी राहावीत.

तिसरी, प्रत्येक गरोदर भगिनीची उपदंशाची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, आणि गाव बदलले म्हणून ती चुकू नये.

चौथी, तिशीनंतरच्या प्रत्येक स्त्रीला गर्भाशयमुखाची तपासणी आणि प्रत्येक मुलीला लस मोफत मिळावी. आशा आणि अंगणवाडीच्या ज्या भगिनी हे काम करतील त्यांना मानधनाच्या नावाखाली राबवू नये, वेतन द्यावे.

पाचवी सूचना आपल्या स्वतःसाठी आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली संमत होऊन २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला. त्यान्वये संमतीवाचून तपासणी करणे, रोग्याचे नाव फोडणे आणि त्याला कामावरून काढणे बेकायदा आहे. हा कायदा आपल्या युनियनच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. आणि कोणी सोबती आपली अडचण सांगायला आला तर त्याच्याकडे हसून पाहू नये, त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करावी.

लघवीला आग, पू किंवा जखम, फेसाळ लघवी, सकाळी डोळ्यांभोवती सूज, धार बारीक होणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, यांपैकी काहीही असेल तर ते पाप नव्हे, लक्षण आहे. त्याला वेळीच डॉक्टर दाखवावा. बरे वाटले तरी औषध पुरे करावे आणि जोडीदारालाही द्यावे.

आपण कामाच्या तासांसाठी लढलो, किमान वेतनासाठी लढलो. ज्या शरीराच्या बळावर आपण ते वेतन मिळवतो त्या शरीराविषयी बोलण्याची मात्र आपल्याला लाज वाटते. ही लाज आपण निर्माण केलेली नाही. आपण गप्प राहिलो की ज्यांचे फावते, त्यांनी ती आपल्यावर लादली आहे. ती त्यांना परत करण्याची वेळ आली आहे.